खांबेटे सरांचा शॅमॉय

चिठ्ठी गार्गीने स्वतःच्या हाताने उचलली होती, त्यामुळे दोष कोणालाच देता येत नव्हता. सिंगापूरच्या रविवारच्या मराठी वर्गात सव्वीस मुलं होती आणि स्मितामावशींनी पोळ्यांच्या डब्यात सव्वीस प्राण्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या प्राण्याचा वेष करायचा, मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर यायचं आणि तीन मिनिटं मराठीत बोलायचं. आता वाघ, हत्ती, मोर, खार असं करत गेलं की एकोणिसाव्या प्राण्यापाशी कोणाचंही डोकं थांबतं. स्मितामावशी नुकत्याच स्वित्झर्लंडची सहल करून आल्या होत्या. उरलेले सात प्राणी त्यांनी तिथल्या एका माहितीपत्रकातून उतरवले. त्यातला एक आपल्या गार्गीच्या नशिबी आला.

"आजोबा, व्हॉट इज शॅमॉय?"

आजोबा म्हणजे रवींद्र खांबेटे सर. चिंचवडच्या एका शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं शास्त्र शिकवलं होतं आणि आता ते सेंगकांगला मुलाकडे, चौदाव्या मजल्यावर, राहत होते. ठाऊक नसलेल्या गोष्टीविषयी कोणी विचारलं की सर म्हणायचे, "वा! चांगला प्रश्न आहे. उद्या सांगतो." चिंचवडच्या पोरांना या वाक्याचा अर्थ पाठ होता. गार्गीलाही तो दोन वर्षांत कळला होता.

"यू डोन्ट नो," ती म्हणाली.

"उद्या सांगतो," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या अगदी कडेला उभं केलं. "हा समज आल्प्सचा कडा. आता तुझ्या पायात बॅडमिंटनचे बूट आहेत म्हणून तू घसरत नाहीस. शॅमॉयचा खूर तसाच असतो. कडेने टणक, तळवा रबरासारखा. दिसायला थोडा बकरी, थोडा हरीण. पांढरं तोंड, डोळ्यांवरून काळा पट्टा, आणि शिंगं काळी, टोकाशी मागे वळलेली. आकड्यासारखी. नरालाही असतात, मादीलाही."

"गर्ल ऑल्सो?"

"गर्ल ऑल्सो."

हे गार्गीला आवडलं. ती स्टुलावरून उडी मारून खाली आली. सरांना तेवढ्यात उद्याचं भाषण, परवाची तालीम आणि टाळ्यांचा कडकडाट, सगळं ओळीने दिसलं. शिक्षकाला मूल एक पाऊल पुढे आलेलं दिसलं की त्याच्या डोळ्यांसमोर थेट पदवीदान समारंभ उभा राहतो. या रोगावर निवृत्तीचाही इलाज चालत नाही.

पण एक अडचण होती, आणि ती लहान नव्हती. मागच्या वर्षी याच कार्यक्रमात गार्गी 'फुलपाखरू' म्हणून स्टेजवर गेली, 'नमस्कार' म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द आलाच नाही. सभागृहातल्या दीडशे प्रेमळ माणसांनी तिला धीर यावा म्हणून टाळ्या वाजवल्या. ती खाली आली, आणि त्या दिवसापासून तिने मराठी बोलणं सोडलं. समजायचं सगळं. उत्तर मात्र इंग्रजीतून. सरांनी एकदा हळूच कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आय टॉक मराठी, पीपल क्लॅप. लाइक आय ॲम बेबी."

सरांना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. छत्तीस वर्षांत त्यांच्या वर्गातलं एकही पोर गप्प राहिलं नव्हतं. गप्प करायलाच वेळ जायचा. आणि आता स्वतःची नात घरात गप्प. शास्त्र म्हणा, मराठी म्हणा, या मुलीचं तोंड उघडलं नाही तर आपण आयुष्यभर केलं ते काय, असा प्रश्न ते रोज संध्याकाळी खाली बाकावर बसून स्वतःला विचारत.

"या वर्षी जाशील ना?" त्यांनी विचारलं.

गार्गीने बराच विचार केला. "ओके. बट कॉश्च्युम मस्ट बी रिअल. नॉट पेपर वन. लास्ट इयर पेपर विंग्ज, एव्हरीवन कॅन सी."

"खराखुरा शॅमॉय?"

"रिअल वन."

"दिला शब्द," सर म्हणाले. दुसरा कोणी असता तर त्याने आधी चौकशी केली असती.

*

शॅमॉयचं कातडं जगभर गाड्या पुसायला वापरतात, हे सरांनी वाचलं होतं. तेव्हा ज्याचं सोंग, त्याचंच कातडं. यापेक्षा खरं आणखी काय असणार? ते बस पकडून हौगांगच्या मागे गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेले.

"विच कार, अंकल?" दुकानदाराने विचारलं.

"माझी गाडी नाही," सर इंग्रजीत म्हणाले.

"सन्स कार?"

"त्याचीही नाही."

"देन वाइप व्हॉट?"

"माझी नात आहे. नऊ वर्षांची."

दुकानदाराने हातातला फोन खाली ठेवला. सरांनी त्याला कार्यक्रम, चिठ्ठी, आल्प्स आणि खुराची रचना असं सगळं समजावलं. तो माणूस भला होता. त्याने सर्वांत मोठ्या आकाराची सहा कातडी काढून दिली, वर एक सल्लाही दिला, "अंकल, युवर ग्रँडडॉटर व्हेरी हॉट लाह, वेअर धिस."

बसमध्ये सरांनी मऊसूत पिवळसर कातड्यावरून हात फिरवला, गुंडाळीला लावलेलं लेबल चष्मा कपाळावर सरकवून वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीत स्वच्छ छापलं होतं, की हे कातडं मेंढीचं आहे. हल्ली सगळंच शॅमॉय लेदर मेंढीचं असतं. नाव तेवढं जुन्या मालकाचं राहिलं आहे.

आता इथे सरांनी काय करायला हवं होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक होतं. हजारो मुलांना त्यांनी 'निरीक्षण जसं आहे तसं लिहा' असं बजावलं होतं. पण गार्गीचं 'रिअल वन' त्यांच्या कानात होतं, आणि कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते. त्यांनी लेबल काढलं, त्याची चौपदरी घडी केली, आणि बसमधून उतरल्यावर पहिल्या कचराकुंडीत टाकलं. खालच्या ओळी वाचल्याच नाहीत. त्या वाचल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"बाबा, कातडं?" सुनेने, अनघाने, दारातच विचारलं. "देवघर समोर आहे हो."

"देवघराकडे पाठ करून शिवू," सर म्हणाले.

शिवणार कोण, हा प्रश्न दोन सुया मोडल्यावर उपस्थित झाला. तो शेजारच्या गोह आंटींनी सोडवला. त्यांनी पंचवीस वर्षं कारखान्यात शिवणकाम केलं होतं आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत अजून ते यंत्र होतं. गार्गीला उभं करून त्यांनी तोंडात टाचण्या धरून मापं घेतली. बाराही महिने हाफ पँटीत असणाऱ्या आंटींच्या हातात कात्री आली की त्या सेनापतीसारख्या दिसायच्या. अंगरखा, चार पाय, आणि वर कान असलेली टोपी, असा नकाशा ठरला.

शिंगांचं सरांनी पाहिलं. काळी, वर निमुळती, टोकाशी मागे वळलेली वस्तू घरात शोधताना त्यांची नजर छत्र्यांवर गेली. आकड्याच्या मुठीच्या दोन काळ्या छत्र्या. सरांनी दोन्ही मुठी कापल्या. सेंगकांगमध्ये दर दुपारी पाऊस पडतो ही गोष्ट शास्त्राच्या शिक्षकाच्या लक्षात असायला हवी होती. त्यांचा मुलगा प्रबोध बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून मीटिंगला निघाला तेव्हा त्याच्या हातात बिनमुठीचा दांडा आला.

"बाबा, माझी छत्री?" संध्याकाळी घरी येऊन त्याने विचारलं.

"ती आता शिंग आहे," सर म्हणाले.

प्रबोधने ओला दांडा कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाला, "दुसरी?"

"शॅमॉयला दोन असतात."

पण वेष झाला मात्र देखणा. गार्गी घालून आरशासमोर उभी राहिली, वळली, आणि स्टुलावर चढून कड्यावरून खाली बघितल्यासारखं बघून आली. सरांनी लिहिलेलं भाषण ती रोज म्हणू लागली. 'नमस्कार. मी आल्प्स पर्वतरांगांत विहार करणारा चपळ शॅमॉय' अशी त्याची सुरुवात होती. 'विहार'पाशी ती दर वेळी अडखळायची. सर दर वेळी समजावून सांगायचे. सोपा शब्द घालायचं मात्र त्यांना सुचलं नाही. चांगल्या शिक्षकांचंही असं होतं.

*

वास पहिल्यांदा मांजराला आला.

हे कातडं कमावताना माशाचं तेल वापरतात. एका कातड्याला तो वास जेमतेम येतो. सहा कातड्यांना, सिंगापूरच्या दमट हवेत, दहा दिवसांनी, तो येतोच येतो. आधी गोह आंटींचा बोका, बॉबी, खांबेट्यांच्या दारासमोर येऊन बसला. मग खालच्या मजल्यावरून दोन बोके आले. सोमवारी अनघाने दार उघडलं तर पाच मांजरं रांगेत बसली होती, रेशनच्या दुकानासमोर बसावीत तशी.

"अंकल," गोह आंटींनी आवाज खाली आणून विचारलं, "युवर हाऊस कुक सॉल्टेड फिश आह?"

चार पिढ्या शाकाहारी असलेल्या खांबेटे घराण्यावर हा आरोप परदेशात व्हावा! सरांनी छातीवर हात ठेवून नकार दिला. आंटींनी समजुतीने मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता. "नेव्हर माइंड लाह, व्हेरी नाइस व्हॉट, सॉल्टेड फिश."

घरात नको म्हणून वेष बाहेर कॉरिडॉरमध्ये टांगला. त्याने वास सहा घरांपर्यंत पोचला. सहाव्या घराने तक्रार केली आणि गुरुवारी इमारतीच्या देखभालीकडचा एक तरुण टॅबलेट घेऊन आला. तो इतका नम्र होता की त्याच्यावर रागावताही येईना.

"सर, व्हॉट इज धिस आयटेम?"

"शॅमॉय."

त्याने टॅबलेटवरची यादी खाली-वर केली. त्यात सायकल होती, कुंडी होती, चपलांचं कपाट होतं. शॅमॉय नव्हता. सरांनी त्याला प्राणी समजावला, खूर समजावला, तो स्वतः कसा उभा आहे यावरून गुरुत्वमध्य समजावला. पोरगा खरंच ऐकत होता. सरांना वाटलं, हा आपल्या वर्गात असता तर पहिल्या पाचात आला असता. शेवटी त्याने विचारलं, "सर, आय पुट अंडर 'कार्पेट', कॅन?"

"कॅन," सर म्हणाले.

"देन बाय सॅटर्डे नो स्मेल, कॅन?"

"कॅन," सर पुन्हा म्हणाले.

शब्द देण्याची सवय वाईट.

*

शुक्रवारी प्रबोध आणि अनघा ऑफिसला, गार्गी शाळेत. सरांनी परिस्थितीचा शांतपणे विचार केला. वास म्हणजे तेल. तेल कशाने जातं? गरम पाण्याने. आता एक लक्षात घ्या, की खांबेट्यांकडे प्रत्येक गोष्टीवर गरम पाणी हाच पहिला उपाय असतो. घसा धरला, गरम पाणी. पाय दुखला, गरम पाणी. तुपाचं भांडं, चिकट डबा, पाहुण्यांनी सांडलेला चहा, बद्धकोष्ठ, सगळ्याला एकच. प्रबोधच्या जुन्या फोनच्या बटणांवरही सरांच्या आईने ते करून पाहिलं होतं. तेव्हा सरांनी दोन पातेली पाणी उकळलं, बादलीत ओतलं, साबण टाकला, आणि शॅमॉय त्यात सोडला.

बादलीत एक विचित्र हालचाल दिसली. जणू प्राणी जिवंत होऊन अंग चोरत होता.

सरांनी उलथन्याने तो वर काढला तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीचा अंगरखा तीन वर्षांच्या मुलीचा झाला होता. दर वर्षी आठवीच्या वर्गात सर अंडं उकडून दाखवायचे. "बघा मुलांनो, प्रथिनं उष्णतेने आकसतात आणि घट्ट होतात. पुन्हा मूळ रूपात येत नाहीत." छत्तीस वर्षं, तीन तुकड्या, म्हणजे शंभरावर अंडी. आणि कातडं हे प्रथिनच असतं, हे त्यांना आत्ता, बादलीजवळ उकिडवं बसल्यावर आठवलं.

मग त्यांनी ते ताणलं. पालथ्या बादलीवर प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून त्यावर अंगरखा ओढून बसवला, पायांत लाटणी आणि रिकाम्या बाटल्या कोंबल्या, टोपीत पातेलं घातलं, आणि सगळं खिडकीतल्या कडक उन्हात ठेवलं. सुकताना सैल पडेल, अशी आशा होती. दुपारी दोनपर्यंत ते सुकलं. सरांनी आतलं सामान एकेक करून काढलं. शॅमॉय जागचा हलला नाही. टिचकी मारली तर टक् वाजायचा.

त्याच वेळी गार्गी शाळेतून आली.

ती जवळ आली. तिने बोटाने टक् केलं. मग पुन्हा टक्.

"लेबल डिडन्ट से?" तिने विचारलं. "एव्हरीथिंग गॉट लेबल. हाऊ टू वॉश."

सर स्टुलावर बसले. खोटं बोलायला अजूनही वाव होता, पण तो त्यांना सोसवला नाही. "होतं लेबल. मी टाकून दिलं. त्यावर लिहिलं होतं की हे मेंढीचं कातडं आहे. तुला खरं हवं होतं ना, म्हणून तुला कळू दिलं नाही. धुवायचं कसं तेही त्यावरच असणार. मी वाचलंच नाही. चूक माझी आहे, गार्गी. दोन्ही चुका." बादलीचं आणि आठवीच्या अंड्याचंही त्यांनी सांगून टाकलं.

"सो इट वॉज नेव्हर रिअल."

"नाही."

गार्गी तिच्या खोलीत गेली आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. सरांना ते जास्त लागलं.

शनिवारी तिने भाषणाचा कागद वडिलांकडे दिला. "आय ॲम नॉट गोइंग," एवढंच म्हणाली. प्रबोधने समजावलं, अनघाने आईस्क्रीमचं नाव काढलं. सरांना बोलण्याचा हक्क उरला नव्हता. ते फक्त दर थोड्या वेळाने उठून त्या टणक जनावराकडे बघून येत होते. वास मात्र साफ गेला होता. शब्द दिलेल्या दोघांपैकी एकाचा तरी पाळला गेला.

रविवारी, कार्यक्रमाच्या सकाळी, मात्र गार्गी आपली आपण तयार होऊन बाहेर आली. साधा फ्रॉक, बॅडमिंटनचे बूट. तिने शॅमॉयला शिंगांना धरून उचललं आणि लिफ्टकडे निघाली.

"स्टेजवर जाणार आहेस?" अनघाने विचारलं.

"आय डोन्ट नो यट," गार्गी म्हणाली. "डोन्ट आस्क."

कोणीही विचारलं नाही. ट्रेनमध्ये शॅमॉयला बसायला जागा मिळाली. लोकांना वाटलं असावं, एवढ्या सकाळी एवढं कडक जनावर म्हणजे काहीतरी सरकारी असणार.

*

सभागृह भरलं होतं. मोर येऊन गेला, त्याची तीन पिसं स्टेजवर राहिली. खारीने रामसेतू बांधला. मग स्मितामावशींनी माईकवरून पुकारलं, "आता येतेय गार्गी खांबेटे, शॅमॉय!" आणि प्रेमळपणे पुढे म्हणाल्या, "जोरात टाळ्या हं!"

सरांनी डोळे मिटले. टाळ्या नको होत्या.

गार्गी शॅमॉय घेऊन वर गेली. माईकसमोर उभी राहिली. "नमस्कार," ती म्हणाली. "मी आल्प्स पर्वतरांगांत..."

आणि थांबली.

'विहार' सरांच्या ओठांवर आला होता. ते अर्धवट उठले. अनघाने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली बसवलं. "बाबा, नको." दुसऱ्या रांगेतल्या कोणा भल्या बाईने टाळीसाठी हात वर घेतले.

गार्गीचे हात भरून आले असावेत. तिने शॅमॉय खाली ठेवला आणि ती बाजूला सरकली. शॅमॉय उभाच राहिला. चार पायांवर, ताठ, आत कोणी नसताना, छत्रीच्या मुठी सभागृहाकडे रोखून.

पुढे जमिनीवर बसलेल्या मुलांत हशा पिकला. एका चिमुरड्या सशाने ओरडून विचारलं, "आत कोण आहे?"

"कोणीच नाही," गार्गी म्हणाली. "आजोबांनी उकळला."

आता सगळं सभागृह हसलं. गार्गीने वर पाहिलं. हे हसणं मागच्या वर्षीच्या टाळ्यांसारखं नव्हतं. या लोकांना पुढचं ऐकायचं होतं.

"हा शॅमॉय नाहीच आहे," ती म्हणाली. "मेंढी आहे. नाव शॅमॉयचं, पण शीप. आजोबांना माहिती होतं. त्यांनी लेबल फेकून दिलं. मग त्याला फिशचा वास आला, खूप. पाच मांजरं आली. गोह आंटी म्हणाली, तुम्ही खारा मासा करता. आमच्या घरी अंडं पण नाही करत! मग एक दादा आला, त्याच्या टॅबलेटमध्ये शॅमॉय नव्हता, म्हणून त्याने लिहिलं, कार्पेट. मग आजोबांनी गरम पाणी केलं. आमच्याकडे सगळ्याला गरम पाणीच करतात. आणि स्किन प्रोटीन असते, अंड्यासारखी, ती छोटी होते आणि परत मोठी होत नाही. हे आजोबांनी थर्टी-सिक्स इयर्स शिकवलं, पण बादलीजवळ विसरले. खरा शॅमॉय असा कडक नसतो. त्याचा पाय खालून रबरासारखा असतो, म्हणून तो पडत नाही. आणि शिंगं गर्लला पण असतात. ही माझ्या बाबांची छत्री आहे."

तिसऱ्या रांगेत प्रबोध उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना नमस्कार केला. सर खुर्चीत इतके खाली सरकले होते की मागच्यांना त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं. शेजारचे एक बँकर गृहस्थ वाकून म्हणाले, "आपणच का ते?" सरांनी मान हलवली. कान तापले होते, आणि चेहरा काही केल्या गंभीर राहत नव्हता.

तीन मिनिटं संपून गेली होती. स्मितामावशींच्या हातात घंटा होती, पण त्या डोळे पुसत होत्या, त्यामुळे वाजवणार कोण?

"कोणाला काही विचारायचंय?" गार्गीने विचारलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सर प्रत्येक तासाच्या शेवटी विचारायचे, तसं तिने विचारलं.

सगळ्यात आधी सशाचा हात वर आला. "मग तू आजोबांना काय शिक्षा केलीस?"

गार्गीने तिसऱ्या रांगेतल्या टकलाकडे पाहिलं आणि थोडा विचार केला.

"काही नाही," ती म्हणाली. "ते अजून शिकतायत."

आणि ती पुढच्या वर आलेल्या हाताकडे वळली.